ऑनलाइन फिजिऑलॉजीचा पहिला कोर्स : अभ्यास नेमका कसा करावा?

रानवारा

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पातळीचं मानवी शरीरक्रियाशास्त्र ऑनलाइन शिकायचं आहे. हाताशी बारा आठवडे, आठवड्याला सहा-सात तास. जीवशास्त्र बारावीपर्यंतचं. ड्यूक विद्यापीठाचा कोर्सेरावरचा प्राथमिक कोर्स (एमा जेकॉय आणि जेनिफर कार्ब्री यांचा) आणि सोबत वाचायला राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्सचं मोफत पाठ्यपुस्तक, असं डोक्यात आहे.

जाणकारांना विचारायचंय ते असं. व्हिडिओ नीट पाहिले आणि प्रश्नमंजुषा सोडवल्या तर विषय येतो का? गणित किती लागतं? आधी ॲनाटॉमी करून घ्यावी का? प्रात्यक्षिकांचं काय? आणि लोक नेमके कुठे अडकतात तेही सांगा, म्हणजे तिथे आधीच जास्त वेळ ठेवता येईल.

नेफ्रॉन

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, नाही येत. या विषयात "अमुक म्हणजे काय" हे फार कमी विचारतात. "हे बदललं तर ते वाढेल की घटेल, आणि का" हे विचारतात. ते व्हिडिओ पाहून येत नाही, कागदावर बाण काढून येतं.

पद्धत सांगतो. प्रत्येक नियंत्रण-साखळीसाठी पाच गोष्टी लिहायच्या : कोणतं मोजमाप हललं, ते कोणत्या ग्राहीला कळलं, निर्णय कुठे झाला, हुकूम कोणत्या अवयवाला गेला, आणि मूळ मोजमाप कुठल्या दिशेने परत आलं. उदाहरण घ्या. आडवा माणूस उभा राहिला. अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांच्या शिरांत साठतं → हृदयाकडे परत येणारं रक्त घटतं → एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त घटतं → रक्तदाब उतरतो → मानेतल्या कॅरोटिड सायनसची भिंत कमी ताणली जाते → तिथल्या चेतातंतूंचे संदेश घटतात → मेंदूच्या देठातला मेड्युला सिंपथेटिक चेतांचं काम (हृदय जलद करणारं) वाढवतो आणि व्हेगस चेतेचं (मंद करणारं) कमी करतो → ठोके वाढतात, आकुंचनाचा जोर वाढतो, धमनिका आणि शिरा आवळतात → दाब वर येतो.

यात नव्वद टक्के विद्यार्थी एकाच ठिकाणी चुकतात, असं म्हटलं तरी चालेल. ते लिहितात, "दाब उतरल्यामुळे बॅरोरिसेप्टर (दाब ओळखणारे ते ग्राही) उत्तेजित झाले." उलट आहे. दाब उतरला की ते गप्प होतात, आणि त्यांचं गप्प होणं हाच मेड्युलाला मिळणारा निरोप. दुसरी चूक शेवटच्या ओळीत. दाब पूर्ववत होतो असं समजतात. या प्रकारचं ऋण प्रत्याभरण (निगेटिव्ह फीडबॅक) तफावत कमी करतं, शून्य करत नाही. तफावत शून्य झाली तर प्रतिसादही थांबेल, मग दाब धरून कोण ठेवणार? म्हणून "उभं राहिल्यावर दोन मिनिटांनी ठोके आधीपेक्षा जास्त की तितकेच" या प्रश्नाचं उत्तर "जास्त" असं येतं.

सहा तासांतले अडीच व्हिडिओला द्या. उरलेले सगळे पेनाला.

सोनटक्का

नेफ्रॉन यांच्याशी सहमत. व्हिडिओबद्दल थोडी भर. आलेख पडद्यावर आला की तिथेच थांबवायचं, शिक्षकांनी रेघ समजावून सांगायच्या आधी. अक्ष कोणते, एककं कोणती हे पाहून रेघ कशी जाईल ते स्वतः काढायचं, मग पुढे चालू करायचं. दहा मिनिटांच्या व्हिडिओला पंचवीस मिनिटं लागतात, पण तो परत पाहावा लागत नाही. वेग दीडपट करण्यात मात्र काही हशील नाही. कंकाल स्नायूसारखा भाग सव्वापट वेगाने चालतो, मूत्रपिंडाचा नाही.

शंकासुर

गणिताचा बाऊ करू नका. प्राथमिक कोर्स आहे, कॅल्क्युलस वगैरे काही नसतं. संकल्पना पक्क्या असल्या की पुरे. सूत्रं पाठ करून शरीर कळत नाही.

केशरबाग

@शंकासुर, कॅल्क्युलस नसतं हे बरोबर, पण गणिताशिवाय संकल्पना पक्की झाली की नाही हे कळणार कसं? लॉगॅरिदम, गुणोत्तर आणि एककांची अदलाबदल एवढं हवंच, आणि ते पहिल्याच आठवड्यात लागतं.

पटल विभव (पेशीच्या आवरणाच्या आत-बाहेरचा विजेचा फरक) घ्या. शरीराच्या तापमानाला नर्न्स्टचं समीकरण असं वापरता येतं : ६१ × लॉग (बाहेरची संहती ÷ आतली संहती), उत्तर मिलिव्होल्टमध्ये, एक धन प्रभार असलेल्या आयनसाठी. पोटॅशियम बाहेर ४, आत १४० मिलिमोल. उत्तर उणे ९४. सोडियम बाहेर १४०, आत १४. उत्तर अधिक ६१. चेतापेशीचा विश्रांत विभव साधारण उणे ७०, म्हणजे तो पोटॅशियमच्या आकड्याजवळ आहे. का? कारण विश्रांतीत पटल पोटॅशियमला जास्त पारगम्य असतं. हे वाक्य सगळेच पाठ करतात, पण आकडे काढल्यावर ते दिसतं.

आता बाहेरचं पोटॅशियम ४ चं ८ करा. उत्तर उणे ७६. म्हणजे पेशी संदेश सुटण्याच्या उंबरठ्याच्या जवळ सरकली. मग पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाचे स्नायू जास्त चपळ व्हायला हवेत, होतात मात्र अशक्त. कारण विभव बराच वेळ वर राहिला की सोडियम वाहिन्यांचं निष्क्रियतेचं फाटक बंद होतं आणि पटल परत खाली गेल्याशिवाय ते उघडत नाही. हा प्रश्न नुसत्या संकल्पनेवर सुटत नाही.

आणखी एक घट्ट बसलेला गैरसमज इथेच काढून टाका. ॲक्शन पोटेन्शियलमध्ये (पेशीतून धावणाऱ्या विजेच्या क्षणिक संदेशात) सोडियम "आत भरतं" आणि मग सोडियम-पोटॅशियम पंप त्याला बाहेर फेकून विभव खाली आणतो, असं बरेच जण लिहितात. एका ॲक्शन पोटेन्शियलला लागणारे आयन इतके थोडे असतात की संहती जवळजवळ हलत नाही. विभव खाली येतो तो सोडियम वाहिन्या निष्क्रिय झाल्यामुळे आणि पोटॅशियम वाहिन्या उघडल्यामुळे. पंप तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, असं आपलं काम संथपणे करत राहतो. पंप बंद केला तरी त्यानंतर पुष्कळ ॲक्शन पोटेन्शियल निघू शकतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट संकेतस्थळावर 'न्यूरॉन' नावाचं मोफत सिम्युलेशन आहे. ते अगदी सावकाश चालवून कोणती वाहिनी कधी उघडते तेवढंच दहा वेळा पाहा.

शंकासुर

@केशरबाग, ८ मिलिमोलचं उदाहरण पटलं. माझा मुद्दा सूत्रं घोकण्याविरुद्ध होता. हे घोकणं नाही, हे तपासणं आहे.

पाऊलवाट

ॲनाटॉमीबद्दल कोणी बोललं नाही. पूर्ण ॲनाटॉमी आधी करायची गरज नाही, त्यात सहा महिने जातील आणि इकडे यायचंच राहील. पाच आकृत्या न बघता काढता आल्या पाहिजेत : हृदयाचे चार कप्पे आणि चार झडपा, रक्तप्रवाहाच्या दिशेसकट, नेफ्रॉन (मूत्रपिंडातली गाळणारी सूक्ष्म नलिका) आणि त्याभोवतीच्या रक्तवाहिन्या, वायुकोश आणि केशवाहिनी, सार्कोमिअर, हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीचे दोन भाग. शेवटच्या आकृतीत पुढचा भाग रक्तवाहिन्यांनी जोडलेला आणि मागचा चेतातंतूंनी, हे रंग बदलून दाखवा. एडीएच (लघवीतलं पाणी वाचवणारं संप्रेरक) आणि ऑक्सिटोसिन तयार होतात हायपोथॅलॅमसमध्ये, मागच्या भागात फक्त साठतात आणि सुटतात. हा प्रश्न हमखास येतो.

सार्कोमिअरमध्ये आकुंचनाच्या वेळी ए पट्टा तेवढाच राहतो, आय पट्टा आणि एच क्षेत्र आखूड होतात. तंतू स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. आकृती दोनदा काढा, शिथिल आणि आकुंचित, पट्टीने मोजून.

गोमंतक

हृदयाच्या चक्राचा तो सहा ओळींचा आलेख (विगर्सचा) कसा शिकावा? प्रत्येक ठिकाणी तो एकदम पूर्ण छापलेला असतो आणि नजर कुठे ठेवायची तेच कळत नाही.

नेफ्रॉन

@गोमंतक, तो एकदम वाचायचाच नाही. थरांनी बांधायचा.

मिनिटाला ७५ ठोके धरा, म्हणजे एक चक्र ०.८ सेकंद. आठ सेंटिमीटरची आडवी रेघ, एक सेंटिमीटर म्हणजे ०.१ सेकंद. सगळ्यात वर ईसीजी. मग फक्त डाव्या व्हेंट्रिकलचा (खालच्या कप्प्याचा) दाब, क्यूआरएस (ईसीजीतला उंच टोकदार भाग) सुरू झाल्यानंतर चढू लागणारा. त्यावर महाधमनीचा दाब, ८० ते १२० मध्ये फिरणारा. आता ॲट्रियमचा (वरच्या कप्प्याचा) दाब, खाली शून्य ते दहाच्या आसपास. या तीन रेघा झाल्या की झडपा आपोआप कळतात, कारण झडपेला स्वतःचं डोकं नसतं, तिच्या दोन बाजूंचा दाब काय तेवढंच ती पाळते. व्हेंट्रिकलचा दाब ॲट्रियमच्या वर गेला तिथे मायट्रल (या दोन कप्प्यांमधली झडप) बंद आणि पहिला आवाज. महाधमनीच्या वर गेला तिथे महाधमनीची झडप उघडी. खाली येताना पुन्हा तेच उलटं, आणि दुसरा आवाज.

दोन्ही झडपा बंद असतात ते दोन तुकडे रंगवा. त्यांत घनफळ सपाट रेघ असणार, कारण रक्ताला वाटच नाही. म्हणून घनफळाचा आलेख शेवटी काढायचा : भरल्यावर १२० मिलिलिटर, रिकामं झाल्यावर ५०, बाहेर पडले ७०. ७० भागिले १२०, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन ५८ टक्के.

चुकतात कुठे? एक, ॲट्रियमच्या आकुंचनाने व्हेंट्रिकल भरतं असं समजतात. विश्रांतीत ऐंशी टक्क्यांच्या आसपास रक्त त्याआधीच आपसूक उतरलेलं असतं. दोन, डायस्टोलमध्ये (हृदय शिथिल असताना) महाधमनीचा दाब शून्यावर नेतात. तिची भिंत लवचीक असल्यामुळे ताणलेली भिंत परत येताना रक्त पुढे ढकलत राहते, दाब ८० वर टिकतो. तीन, ठोके वाढले की सगळं सारखंच आखूड होतं असं धरतात. मिनिटाला १५० ठोक्यांना चक्र ०.४ सेकंद, आणि कात्री मुख्यतः डायस्टोलला लागते. डाव्या व्हेंट्रिकलच्या स्नायूला रक्त मुख्यतः डायस्टोलमध्येच मिळतं, त्यामुळे हा नुसता वेळेचा हिशेब राहत नाही.

हा आलेख पाच दिवस रोज एकदा कोऱ्या कागदावर काढा.

रानवारा

फारच उपयोगी. झडपेचा नियम लक्षात आला आणि निम्मा आलेख सुटला. फ्लॅशकार्ड वापरावीत का?

सोनटक्का

हो, आंकी (फ्लॅशकार्डांचं ॲप) वापरा. अंतरा-अंतराने उजळणी झाली नाही तर आठव्या आठवड्यात पहिला आठवडा पुसला जातो.

केशरबाग

आंकीला माझा अर्धा विरोध. इतरांनी केलेले तीन-चार हजार कार्डांचे गठ्ठे उतरवून घेतात, त्यात सगळी व्याख्यांची कार्डं. "रेनिन म्हणजे काय" याचं उत्तर येणारा विद्यार्थी "मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली तर रेनिनचं काय" याला अडतो. कार्ड स्वतः करायचं आणि त्यावर दिशेचा प्रश्न लिहायचा. पुढे : "इफरंट धमनिका (गाळणीतून रक्त बाहेर नेणारी) थोडी आवळली. मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह? गाळणदर? गाळणीचा अंश?" मागे : "घटतो, वाढतो, वाढतो", आणि एका ओळीत कारण, ग्लोमेरुलसमधला (गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छातला) दाब चढतो. जोडीला दुसरं कार्ड अफरंटचं (रक्त आत आणणारीचं) : प्रवाह आणि गाळणदर दोन्ही घटतात. दिवसाला दहा-पंधरा नवीन, त्याहून जास्त नको.

सोनटक्का

दिशेच्या कार्डांची सूचना मान्य. तरीही आकड्यांची साधी कार्डं लागतातच. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात ४२ लिटर पाणी, २८ पेशींच्या आत, १४ बाहेर, त्यातलं ३ प्लाझ्मात. हे तोंडावर नसेल तर सलाइनचा प्रश्न कसा सोडवणार?

पाऊलवाट

कोणता सलाइनचा प्रश्न?

सोनटक्का

शिरेतून एक लिटर नॉर्मल सलाइन दिलं आणि एक लिटर पाच टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) दिलं, तर प्लाझ्मा किती वाढेल हा.

नॉर्मल सलाइन म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. ९ भागिले ५८.५, म्हणजे १५४ मिलिमोल, दोन आयन म्हणून ३०८ मिलिऑस्मोल. सोडियम पेशीबाहेरच राहतं, म्हणून लिटरभर पाणीही बाहेरच राहतं. त्यातला पाव हिस्सा किंवा थोडा कमी प्लाझ्मात, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर. डेक्स्ट्रोज लिटरला ५० ग्रॅम, २७८ मिलिऑस्मोल. बाटलीत ते रक्ताच्या जवळपास, पण ग्लुकोज पेशी वापरून टाकतात आणि उरतं नुसतं पाणी. ते सगळ्या ४२ लिटरमध्ये वाटलं जातं. प्लाझ्माच्या वाट्याला ७०-८० मिलिलिटर. रक्तस्रावात डेक्स्ट्रोज का देत नाहीत याचं उत्तर या भागाकारात आहे.

याच ठिकाणी ऑस्मोलॅरिटी आणि टॉनिसिटी यांची गल्लत होते. ३०० मिलिमोल युरियाचं द्रावण मोजलं तर रक्ताइतकंच भरतं, पण त्यात टाकलेल्या लाल पेशी फुटतात. युरिया आत शिरतो आणि त्यामागे पाणी. टॉनिसिटी ठरवताना फक्त पटल न ओलांडणारे कण मोजायचे.

धन्वी

अवांतर आहे, पण पाण्याचा आणि क्षारांचा विषय निघालाच आहे तर ओआरएस विसरू नका. आतड्याचं शरीरक्रियाशास्त्र शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही, आणि ते आपल्या उपखंडातलं आहे.

कॉलऱ्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, क्लोराइड बाहेर ओतलं जातं, त्यामागे सोडियम आणि पाणी. पण ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत नेणारा एसजीएलटी-१ हा वाहक शाबूत असतो. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम तो आत घेतो, पाणी मागोमाग येतं. म्हणून नुसतं मिठाचं पाणी चालत नाही, नुसतं साखरेचंही नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतून द्यायचं सलाइन संपत आल्यावर हेच द्रावण तोंडाने द्यायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण पुष्कळ खाली आलं.

२००२ पासूनचं जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं, लिटरला : मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. त्यातून सोडियम ७५ आणि ग्लुकोज ७५ मिलिमोल, एकूण २४५ मिलिऑस्मोल. आधीचं सूत्र ३११ चं होतं. आता स्वतःला विचारा, लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर काय होईल? ४९० मिलिऑस्मोल. रक्ताचं २९० च्या आसपास. पाणी आतड्यातून रक्तात जायच्याऐवजी रक्तातून आतड्यात येईल आणि जुलाब वाढतील. "पाकिटावर लिहिलं तेवढंच पाणी" या सूचनेमागे ही वजाबाकी आहे.

गोमंतक

@धन्वी, अवांतर कसलं, पचनसंस्थेचं प्रकरण लागलं मार्गी. वाचनखूण साठवली.

शंकासुर

श्वसनात काय अवघड आहे? तिथे तर हवा आत, हवा बाहेर.

केशरबाग

श्वसनात तीन ठिकाणी अडतं. पहिलं, मिनिटाचं एकूण श्वसन आणि वायुकोशातलं श्वसन यांतला फरक. ५०० मिलिलिटरचे १२ श्वास म्हणजे ६००० आणि २५० चे २४ म्हणजेही ६०००. पण प्रत्येक श्वासातले १५० श्वासनलिकांतच राहतात. पहिल्यात वायुकोशाला (५०० − १५०) × १२ = ४२०० मिळाले, दुसऱ्यात (२५० − १५०) × २४ = २४००. धापा टाकणाऱ्याला दर श्वासाचा हा दंड बसतो.

दुसरं, वायुकोशातल्या ऑक्सिजनचं समीकरण. हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचे ४७ (सगळे दाब मिलिमीटर पाऱ्यात) वजा करा, ०.२१ ने गुणा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८ वजा करा. समुद्रसपाटीला (७६० − ४७) × ०.२१ = १५०, वजा ५० (४० ÷ ०.८), उत्तर १००. कळसूबाईचा माथा १६४६ मीटर, तिथे हवेचा दाब सुमारे ६२३. उत्तर ७१ येतं. १०० चे ७१ झाले तरी हिमोग्लोबिनची संपृक्तता नव्वदीतच राहते, कारण त्या टप्प्यात ऑक्सिजनचा दाब आणि संपृक्तता यांचा वक्र जवळजवळ सपाट आहे. लेहला, ३५०० मीटरवर, दाब ४९३ च्या आसपास. कार्बन डायऑक्साइड ४० वरच राहिला तर उत्तर ४४, वक्राच्या उतरणीवर. श्वास वाढवून तो ३० वर आणला तर ५६. उंचीवर गेल्यावर श्वास का वाढतो आणि त्याचा फायदा किती, दोन्ही या एका ओळीत आलं.

तिसरं, दाब आणि प्रमाण यांची सरमिसळ. रक्तक्षय झालेल्याच्या धमनीत ऑक्सिजनचा दाब १०० च असतो, संपृक्तताही ९७-९८ टक्के. कमी असतं ते एकूण प्रमाण. १५ ग्रॅम हिमोग्लोबिन × १.३४ म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिलिटर ऑक्सिजन, ७.५ ग्रॅम असेल तर १०. प्लाझ्मात विरघळलेला फक्त ०.३. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रक्तक्षय का पकडत नाही ते इथे कळतं.

शंकासुर

मागे घेतो. हवा आत, हवा बाहेर एवढंच नाही.

नेफ्रॉन

नेफ्रॉन हे नाव घेऊन बसलोय तर मूत्रपिंडाचं सांगायलाच हवं. बहुतेक जण इथेच कोर्स सोडतात, कारण हे प्रकरण शेवटी येतं आणि वेळ संपलेला असतो. याला दोन आठवडे ठेवा.

मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळलं जातं, दिवसाला १८० लिटर. लघवी दीड लिटर. याचा अर्थ नुसता पाठ करू नका, हलवून पाहा. पुनःशोषण ९९ टक्के असेल तर १.८ लिटर, ९८ टक्के झालं तर ३.६. एका टक्क्याच्या फरकाने लघवी दुप्पट. म्हणून शरीर गाळणदर जपतं आणि बारीक कामकाज नलिकेच्या शेवटच्या भागात करतं.

क्लिअरन्स (मिनिटाला किती प्लाझ्मा एखाद्या पदार्थापासून मोकळा झाला) म्हणजे लघवीतली संहती × लघवीचा दर ÷ प्लाझ्मातली संहती. चोवीस तासांत १४४० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १. लघवीत क्रिएटिनिन डेसिलिटरला ११० मिलिग्रॅम, प्लाझ्मात १. उत्तर ११०. वर-खाली एकच एकक असल्यामुळे इथे ते कटतं. ग्लुकोजच्या गणितात कटत नाही, आणि तिथेच शंभरपटीने चुकतात. प्लाझ्मात डेसिलिटरला १०० म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, गुणिले १२५, म्हणजे मिनिटाला १२५ मिलिग्रॅम गाळलं जातं. परत घ्यायची कमाल क्षमता मिनिटाला सुमारे ३७५. हिशेबाने डेसिलिटरला ३०० झाल्यावरच लघवीत साखर यायला हवी, प्रत्यक्षात १८०-२०० लाच दिसू लागते, कारण सगळ्या नेफ्रॉनांची क्षमता सारखी नसते. काही आधीच भरतात.

हेन्लेच्या वेढ्यात (नेफ्रॉनच्या यू आकाराच्या भागात) एवढं धरून ठेवा : उतरत्या भागातून पाणी जातं, चढत्या जाड भागातून क्षार जातात आणि पाणी अडतं. मूत्रपिंडाचा आतला भाग, त्याचंही नाव मेड्युला, खारट होतो तो या चढत्या भागामुळे. एडीएच संग्राहक नलिकेत ॲक्वापोरिन-२ (पाण्याच्या वाहिन्या) बसवतं, पाणी खेचलं जातं ते मेड्युलातल्या खारटपणाने. म्हणून चढत्या भागातला वाहक बंद करणारं फ्युरोसेमाइड दिलं की एडीएच असूनही लघवी घट्ट होत नाही. हा एक प्रश्न सोडवता आला तर प्रकरण समजलं असं धरा.

पाऊलवाट

अंतःस्रावी ग्रंथींसाठी छोटी युक्ती. प्रत्येक अक्षाचा तक्ता करा, तीन ओळी : ग्रंथीत बिघाड, पिट्युटरीत बिघाड, बाहेरून दिलेलं संप्रेरक. थायरॉइड ग्रंथीच बिघडली तर टी-४ (थायरॉइडचं संप्रेरक) कमी आणि टीएसएच (त्याला हुकूम देणारं पिट्युटरीचं संप्रेरक) जास्त. पिट्युटरी बिघडली तर दोन्ही कमी. स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर सीआरएच आणि एसीटीएच (ॲड्रिनलला हुकूम देणारी हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरीची संप्रेरकं) दबतात, ॲड्रिनल कॉर्टेक्स आक्रसतो. त्या गोळ्या एकदम बंद करू नका असं डॉक्टर का सांगतात ते तक्त्यातूनच निघतं. अपवाद एक लक्षात ठेवा : पाळीच्या मध्यावर इस्ट्रोजेन जास्त आणि टिकून राहिलं की पिट्युटरीचं एलएच दबण्याऐवजी उसळतं. तिथे धन प्रत्याभरण आहे.

गोमंतक

प्रात्यक्षिकांचं राहिलं की.

धन्वी

घरी होण्यासारखी बरीच आहेत. मनगटावर नाडी धरून मिनिटाला सहा असा संथ श्वास घ्या. श्वास घेताना नाडी जलद होते, सोडताना मंद. तरुण, निरोगी माणसात हे ठळक दिसतं, व्हेगसचं काम आहे ते.

रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून दंड हृदयाच्या पातळीला ठेवून मोजा, मग हात खाली लोंबता ठेवून. दर सेंटिमीटरला ०.७७ मिलिमीटर पारा या हिशेबाने दहा सेंटिमीटर खाली सात-आठने जास्त येईल. गुरुत्वाकर्षणाचा हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडा खोटा जास्त येतो, तोही तपासा.

डोळ्याचा अंधबिंदू : कागदावर साडेसात सेंटिमीटर अंतरावर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटून उजव्याने फुलीकडे पाहा, कागद पुढे-मागे करा. २८ सेंटिमीटरच्या आसपास ठिपका नाहीसा होतो. अंतर मोजून कोन काढा, साधारण पंधरा अंश येतो.

दोन गोष्टी मात्र करू नका. मानेतल्या दोन्ही कॅरोटिड एकाच वेळी दाबायच्या नाहीत. आणि जोरजोरात श्वास घेऊन मग दम रोखायचा प्रयोग नको, पाण्यात तर अजिबातच नको. जोराच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजनचा साठा फारसा वाढत नाही. श्वास घ्यायची हुकी येण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

सोनटक्का

ज्यांना पदवीसाठी क्रेडिट हवेत त्यांच्यासाठी : प्रमाणपत्र आणि क्रेडिट वेगळे. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावरून करता येतात, पण आपल्या संस्थेने तो कोर्स मान्य केलेला हवा. नावनोंदणीआधी विभागाकडून लेखी घ्या. एनपीटेलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाच्या) बारा आठवड्यांच्या कोर्सला स्वाध्यायांना २५ गुण, त्यात बारापैकी उत्तम आठ धरतात, आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५. स्वाध्यायांत किमान १० आणि परीक्षेत किमान ३० हवेत. स्वाध्यायांच्या भरवशावर कोणी तरत नाही.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा प्रश्न, बारा आठवड्यांत वाटणी कशी करू? आणि मागे पडले तर काय सोडू?

नेफ्रॉन

@रानवारा ताई, पहिले दोन आठवडे द्रवकक्ष, पटल आणि ॲक्शन पोटेन्शियल. तिसरा चेतासंस्था, चौथा स्नायू. पाच-सहा हृदय आणि रक्ताभिसरण. सात-आठ श्वसन. नऊ-दहा मूत्रपिंड. अकरावा अंतःस्रावी ग्रंथी आणि प्रजनन, बारावा पचन आणि उजळणी. कोर्सचा क्रम वेगळा असला तरी मूत्रपिंड दहाव्याच्या पुढे जाऊ देऊ नका.

केशरबाग

एक बदल सुचवते. आम्ल-अल्क संतुलन श्वसनात अर्धं आणि मूत्रपिंडात अर्धं शिकवतात, त्यामुळे ते कुठेच नीट बसत नाही. दहाव्या आठवड्यात एक बैठक फक्त त्याला द्या. पीएच = ६.१ + लॉग (बायकार्बोनेट ÷ (०.०३ × कार्बन डायऑक्साइडचा दाब)). २४ भागिले १.२ म्हणजे २०, लॉग १.३, पीएच ७.४. मग दाब ६० करा, बायकार्बोनेट २४ च ठेवा : ७.२२ येतं. आता मूत्रपिंडाने बायकार्बोनेट ३० वर नेलं तर ७.३२. भरपाई झाली, पण पूर्ण नाही. नेफ्रॉन यांनी वर रक्तदाबाचं सांगितलं तसंच.

नेफ्रॉन

मान्य, बदल करून घ्या. मागे पडलात तर पचनातल्या संप्रेरकांची लांबलचक यादी आणि विशेष ज्ञानेंद्रियांचा तपशील सोडा. गॅस्ट्रिन, सिक्रेटिन आणि सीसीके एवढी तीन ठेवा. पटल आणि द्रवकक्ष मात्र सोडू नका, हृदय, चेता आणि मूत्रपिंड तिन्ही त्यांवर उभे आहेत.

प्रश्नमंजुषा चुकली तर त्याच दिवशी दुसरा प्रयत्न करू नका. उत्तर आठवत असतं, त्यामुळे गुण येतात आणि समज तिथेच राहते. तीन दिवसांनी करा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो का चूक हे एका ओळीत लिहा.

रानवारा

लिहून घेतलं. पहिल्या आठवड्याचे बाण काढून याच धाग्यावर टाकते, तपासून द्याल का?

नेफ्रॉन

टाका. दाबाचा, शरीराच्या तापमानाचा आणि रक्तातल्या साखरेचा, असे तीन टाका. साखरेच्या साखळीत इन्सुलिन आणि ग्लुकागॉन दोघांच्या स्वतंत्र रेघा काढा, एकाच रेघेवर दोन्ही नकोत.